पडदेवाले मास्तर

मी आयुष्यात एकदा अंड्याचं लोणचं घातलेलं आहे.

घाबरू नका, कृती सांगणार नाही. झालं असं, की शाळेतल्या काचेच्या बरणीत, साध्या पाण्यात एक अंडं ठेवलेलं होतं. ते सकाळपर्यंत नासू नये म्हणून मी त्यात तीन मुठी खडेमीठ टाकलं, झाकण लावलं, हात झटकले आणि मोठी कामगिरी केल्याच्या डौलात घरी गेले. तेव्हा मी चौदा वर्षांची होते, वर्गात पहिली होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. यातलं वय आपोआप सरलं, पहिला नंबर पुढे दुसरीनं नेला, पण शहाणपणाचा भ्रम जायला त्या तीन मुठीच लागल्या. आणि त्या मुठींनी एका माणसाची नोकरीही नेली. आज लिहायचं आहे ते त्या माणसाबद्दल.

आमचं गाव नांदुरा. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या पदराला बांधलेला. साहेब लोक नागपूरहून यायचे, गाड्या मुंबईहून यायच्या आणि नवे विचार दोन्हीकडून यायचे, पण मेलगाडीसारखे न थांबता पुढे निघून जायचे. मास्तर मात्र उतरले. लोणारकडचे होते. उंच, किडकिडीत, टोपी नेहमी मागे सरकलेली. कोटाच्या उजव्या खिशात बुचाची एक बाटली, तिच्यात पाण्यात भिजून टम्म फुगलेले मनुके. डाव्या खिशात सुके. बरोबर उत्तर दिलं की उजवा खिसा. चुकलं की डावा. सुरकुतलेला सुका मनुका तळहातावर ठेवून म्हणायचे, "घे. तुह्या डोक्यावानीच हाय. पाण्यात ठेवजो, फुगन."

मुलं मुद्दाम चुकायची, कारण सुके मनुके जास्त गोड लागायचे. हे मास्तरांना ठाऊक होतं. तरी त्यांनी खिसे कधी बदलले नाहीत.

मला या माणसाचा राग होता. मी नुकतीच दहा महिने पुण्याला मामाकडे राहून आले होते आणि येताना तिकडचं 'मला-तुला' ट्रंकेत भरून आणलं होतं. घरात सगळे 'मले-तुले' करत असताना मी एकटी 'मला वाढू नका' म्हणत बसायची. माझी बालविधवा आत्या, जिच्या हाती आमचं सगळं घर होतं, ती म्हणायची, "नको तर नको. पण ते तोंड असं काऊन करतं, इंग्रजी औषध घेतल्यावानी?" तर अशा मला, 'थो' आणि 'काऊन' म्हणणाऱ्या माणसाकडून शास्त्र शिकायचं होतं. मनातल्या मनात मी त्यांची वाक्यं दुरुस्त करत बसायची. सांगत काय होते, ते ऐकायला वेळच उरायचा नाही.

पहिल्याच दिवशी ते वर्गाच्या दारात हात पसरून उभे राहिले. कोणाला आत सोडेनात.

"कोण?"

"विद्यार्थी, मास्तर."

"काय घेऊन आला?"

"दप्तर."

"जाय. तू काय आणलं बे?"

"दप्तर."

"अन् खिशात?"

"...गोट्या."

"गोट्या बाहेर. तू आत."

असा वर्ग भरायला अर्धा तास लागला. सगळे बसल्यावर म्हणाले, "आता मी जो दारात उभा होतो, त्याले म्हणते पेशीचा पडदा. तुह्या अंगात, झाडात, बैलात, सगळ्यात बारक्या बारक्या खोल्या हायेत. त्याइले पेशी म्हणते. हरेक खोलीले असा पडदा हाय. भिंत नाही म्हणत मी. भिंतीले अक्कल नसते, ते सगळ्याइले अडवते. पडदा सोडते बी अन् अडवते बी."

त्या दिवसापासून ते 'पडदेवाले मास्तर' झाले.

दुसरा धडा शाळेच्या हौदावर. मास्तरांनी बोटाच्या टोकावरून जवसाच्या तेलाचा एक थेंब पाण्यावर सोडला. तो पसरत पसरत केवढा झाला. "पाह्य, तेलाचा कण असाच असते. एक टोक पाण्याचं लाडकं, दुसरं टोक पाण्याले भेते. म्हणून थो पाण्यावर असा उभा राह्यते, तोंड पाण्यात खुपसून, शेंडी वर करून." मग त्यांनी वर्गातल्या आठ मुलांना दोन रांगांत उभं केलं, पाठीला पाठ लावून. तेव्हा मुलांच्या डोक्यावर तेल कानापर्यंत ओघळेल इतकं असायचं. "तोंडं बाहेर, पाण्याकडे. तेलकट डोकी आत, एकमेकाले टेकून. झाला पडदा! दोन्हीकडून पाणी, मधात तेल." मग नवव्या मुलाला म्हणाले, "तू साखर. घूस आत." तो घुसेना. आठही जणांनी त्याला ढकलून दिलं, दोघांच्या टोप्या हौदात गेल्या, आणि हेडमास्तर व्हरांड्यात येऊन उभे राहिले.

"हे काय चाललंय?"

"पडदा हाय साहेब," मास्तर शांतपणे म्हणाले. "थोडा फाटला. पण याची गंमत अशी हाय का फाटला तरी आपला आपण जुळते."

तेवढ्यात खरंच ती मुलं पुन्हा पाठीला पाठ लावून उभी राहिली होती.

रिठ्याच्या फेसातही त्यांनी आम्हाला हेच दाखवलं. तारेच्या कड्यावर फेसाचा पातळ पापुद्रा धरला आणि त्यातून ओलं बोट आरपार घातलं. पापुद्रा फुटला नाही, बोटाभोवती नुसता सरकला. मग कोरडं बोट लावलं, आणि फट्. "ओला होऊन गेला त ओल्याचं ऐकते, कोरडा गेला त मोडते. घरातल्या म्हाताऱ्याइसारखं."

साखर मग आत जाते कशी, हे मात्र त्यांना सांगता यायचं नाही. कबूलही करायचे. "पाण्याले कोणी फारसं अडवत नाही. साखरेले, मिठाले कोणीतरी दारावरचा शिपाई घेऊन जात असन. थो कोण हाय, कसा हाय, मले माहीत नाही. कोणालेच माहीत नाही. पण हाय. सापडन एक दिवस." 'मले माहीत नाही' असं वर्गात उभं राहून म्हणणारा मास्तर मी त्याआधी पाहिला नव्हता. मला वाटलं, बघा, अर्धवट शिकलेला. माझी नात आज याच विषयात काहीतरी मोठं शिकते. ती परवा म्हणाली, की ते शिपाई सापडले. पाण्याची वेगळी दारं, मिठाला पकडून बाहेर ढकलणारे पंप, सगळे. मी तिला म्हटलं, आमच्या नांदुऱ्यात हे आधीच कळलं होतं. ती हसली. मी पुण्याच्या मामीसारखा चेहरा करून गप्प बसले.

त्यांचं आवडतं वाक्य एकच होतं. "पाणी कुठं जाते? जिथं पाणी कमी, तिकडं. पैशाच्या उलट चाल हाय त्याची."

वर्गात मुली दोनच, मी आणि जुबेदा. जुबेदाचे वडील स्टेशनजवळ सरकीचा व्यापार करायचे. ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे मला आता कळतं. तेव्हा मला ती फक्त माझ्यापेक्षा कमी पाठांतर करणारी वाटायची. मास्तरांनी वर्षातून एकदा उघडणाऱ्या कपाटातून पितळी सूक्ष्मदर्शक काढून कांद्याचा पापुद्रा लावला, त्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला आणि आम्हाला पाहायला बोलावलं. जुबेदा बराच वेळ पाहत राहिली. "तौबा! आतलं सगळं आक्रसून राह्यलं मास्तर. खोली तशीच हाय, पण माणूस कोपऱ्यात जाऊन बसल्यावानी." तिला उजव्या खिशातले दोन मनुके मिळाले. मग मी डोळा लावला. मला फक्त माझ्याच पापण्या दिसल्या. मी म्हणाले, "दिसलं." आणि वहीत व्याख्या लिहिली, अगदी शुद्ध. तीही पूर्ण पाठ.

आता अंड्याचं.

मास्तर तात्पुरते होते. पदवीच्या शेवटच्या वर्षाला वडील वारले आणि ते परीक्षा न देताच परत आले होते. त्यांना कायम करायचं की नाही, हे ठरवायला शिक्षण खात्याचे डिप्टी साहेब त्यांचा एक पाठ पाहायला येणार होते. पाठ बरा झाला तर मास्तर राहणार, नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीला शाळेबरोबर त्यांचंही दार बंद. हेडमास्तरांना दार बंदच हवं होतं.

पाठ अंड्याचा ठरला. जुबेदानं घरून अंडी आणली आणि सिरकाही आणला, त्यांच्याकडे लोणच्यात घालायचा तो. दोन दिवस सिरक्यात ठेवल्यावर कवच विरघळलं आणि आतल्या पापुद्र्यात तोललेलं मऊ, थलथलीत अंडं हातात आलं. उजेडात धरलं की आतला बलक दिव्यासारखा दिसायचा. "हा काही पेशीचा पडदा नाही बरं," मास्तर म्हणाले, "मावसभाऊ समजा. पण खोड तीच. पाण्याले सोडते." साध्या पाण्यात ठेवलं की पाणी आत शिरून ते फुगणार होतं. मास्तरांनी लाल दोऱ्याचं एक कडं केलं, अंड्यावरून जेमतेम सरकेल एवढं. "उद्या साहेबापुढं हे कडं अंड्यावरून उतरलं नाही पाह्यजे. म्हणजे पाणी आत गेलं. भाषण करायची गरजच नाही."

अंड्याचा आणि माझा संबंध शाळेतसुद्धा नियमाबाहेरचा होता. मुलींनी असल्या वस्तूंना हात लावायचा नाही, लांबून पाहायचं, असं हेडमास्तरांनी आमच्या वडिलांना सांगितलेलं होतं. ते दोघं रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर पान खात बसायचे, आणि शाळेतली शिंकसुद्धा त्या ओट्यावर पोचायची. घरात आत्याचा कायदा वेगळा. "पोरीच्या हाताले तसलं काही लागलं अन् मले समजलं, त दुसऱ्या दिवशी दप्तर माळ्यावर." ती बोलली की वडील मान हलवायचे. म्हणून आम्ही बरणीत लिंबू ठेवतो, असं मी घरी सांगितलं होतं.

मास्तरांना तो नियम पाळणं जमलं नाही. त्यांनी बरणी माझ्याच हाती दिली होती. चैत्रातली सकाळची शाळा होती. दुपारी सगळे गेल्यावर अंडं पाण्यात सोडून ते म्हणाले, "मी जरा स्टेशनावर जाऊन येतो. झाकण लाव, दार लाव, किल्ली शिपायाले देजो. अन् त्याले हात नको लावू आता. त्याचं काम त्याले करू दे."

मी एकटी उरले. ऊन असं की बरणीची काच हाताला गरम लागत होती. मी विचार केला. केला, हाच दोष. आमच्या घरात उन्हाळ्यात काहीही पाण्यात ठेवायचं तर मीठ घालायची रीत. कैरी, लिंबं, हिरव्या मिरच्या, सगळं. बिनमिठाचं ठेवलं की तिसऱ्या प्रहरी वास. उद्या साहेबांनी झाकण काढलं आणि घमघमाट सुटला तर? मास्तर गावठी माणूस, त्यांना काय सुचणार? घर शाळेच्या मागेच होतं. आत्या डुलकी घेत होती. कोठीतल्या रांजणातून मीठ घेतलं, परकराच्या ओच्यात बांधलं, धावत आले आणि ओतलं. नीट ढवळलंसुद्धा.

सकाळी डिप्टी साहेब आले. गोल चष्मा, कोरी वही, शांत माणूस. मास्तरांनी हसत झाकण काढलं.

अंडं तरंगत होतं. सैल पडलेलं, बाजूला सुरकुत्या. मास्तरांचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी ते ओंजळीत घेतलं, वरून लाल कडं सोडलं, आणि ते कडं माझ्या आताच्या मनगटातल्या बांगडीसारखं खाली घसरून आलं.

"फुगायचं होतं ना?" हेडमास्तर म्हणाले.

मास्तरांनी बरणीत बोट बुडवलं आणि सगळ्यांदेखत जिभेला लावलं. साहेबांनी चष्मा वर केला.

"खारट हाय," मास्तर म्हणाले. मग उजळलेच एकदम. स्वतःच्या नोकरीचा विसर पडल्यासारखे. "साहेब, अंडं बरोबर हाय! पाण्यात कोणीतरी मीठ टाकलं. भरपूर टाकलं, म्हणून त तरंगून राह्यलं. बाहेर मीठ जास्त, म्हणून आतलं पाणी बाहेर आलं. अंड्यानं खरं तेच सांगितलं."

"कोणी टाकलं?" साहेबांनी विचारलं.

"अंडी त्या मुलीच्या घरची आहेत," हेडमास्तर जुबेदाकडे पाहून म्हणाले. "आणि खोलीची किल्ली काल कोणाकडे होती, हेही विचारायला हवं. मी आज संध्याकाळी ज्यांच्या त्यांच्या वडिलांशी बोलेनच."

मास्तरांनी वर्गावरून नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली. माझा हात आपोआप तोंडाशी गेला होता. उठायचं होतं. खरंच उठायचं होतं. मला ओटा दिसला, पानाचं तबक दिसलं, माळ्यावरचं दप्तर दिसलं. मी बाकाची कड घट्ट धरून बसून राहिले.

"विचारायची गरज नाही साहेब," मास्तर म्हणाले. "मीनंच टाकलं. दुसऱ्या बरणीत टाकायचं होतं, ह्याच्यात पडलं. ध्यानात नाही राह्यलं."

साहेब जरा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. "तुमचं स्पष्टीकरण उत्तम होतं मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले. "पण काल बरणीत काय टाकलं हे ज्याला आज आठवत नाही, त्याच्या हाती विज्ञानाचा वर्ग कायमचा द्या, असं मी लिहू कसं?"

"नका लिहू," मास्तर म्हणाले. आणि उरलेला तास त्यांनी मिठानं पाणी बाहेर कसं येतं, हे शिकवलं. इतकं सुंदर त्यांनी कधीच शिकवलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांची वाक्यं दुरुस्त केली नाहीत.

दुपारी घरी गेले तर आत्या कैऱ्या चिरून बसलेली. "ये, मीठ लाव. अन् तोंड काऊन उतरलं वं?" मी फोडींना मीठ चोळलं. बघता बघता परातीत पाणी सुटलं. दरवर्षी सुटायचं. दरवर्षी मीच ते पाणी निथळून काढायची. त्या दिवशी मात्र मी हात तसेच ठेवून त्याकडे पाहत राहिले. कांद्याचा पापुद्रा मला तेव्हा दिसला, परातीत. आत्या म्हणाली, "आता यात रडू नको, मीठ बरोबर पडलं हाय."

जुबेदाला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "भैताड कुठली! कांदा पाह्यला होता ना तू?"

"नव्हता पाहिला."

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "मास्तर सुट्टीपर्यंत थांबत नाहीत, शनिवारीच जाऊन राह्यले. दुपारची गाडी. तू आमच्या घरी अभ्यासाले ये."

तर शनिवारी मी जुबेदाकडे 'अभ्यासाला' गेले. तिच्या घराच्या मागच्या दारातून स्टेशन दिसायचं. फलाटावर कापसाच्या गाठींच्या सावलीत मास्तर ट्रंकेवर बसले होते. आम्हाला पाहून खिशात हात घातला, मग कोणता खिसा, हे न सुचल्यासारखे थांबले.

गाडी आली. ट्रंक आत गेली. ते खिडकीशी बसले. जुबेदानं मला कोपरानं ढोसलं. मी एका दमात बोलले, "मीठ मी टाकलं होतं, मास्तर. नासू नये म्हणून."

"माहीत हाय मले. परकर आदल्या दिवसाचाच होता तुहा, काठाले मिठाचे खडे अडकले होते. साहेब बोलून राह्यले होते तवा मी ते पाहून राह्यलो होतो."

"मग माह्यं नाव काऊन नाही सांगितलं?" मी म्हणाले. दहा महिन्यांचं पुणं त्या एका वाक्यात गळून पडलं, आणि मला ते उचलावंसंही वाटलं नाही. "तुमची नोकरी गेली ना."

मास्तरांनी टोपी आणखी मागे सरकवली. शिट्टी झाली होती. खिडकीच्या गजातून ते म्हणाले,

"मले दुसऱ्या गावाले दुसरी शाळा भेटन वं. तुले कोण देणार होतं? जाय आता, मागं सरक, गाडी हालून राह्यली."